ऑपरेशन यशस्वी झाले; कामगाराचे काय झाले?

कॅन्सरचे ऑपरेशन करून घरी आलेल्या सहकाऱ्याला भेटायला गेले की घरची मंडळी प्रथम डिस्चार्ज कार्ड पुढे करतात. गाठ केवढी होती, काय काय काढले, टाके कधी काढायचे, पुढच्या तपासणीची तारीख कोणती, हे सर्व त्यावर असते आणि शेवटी 'प्रकृती समाधानकारक' असा शेरा असतो. हे समाधान कोणाचे, असा प्रश्न आम्हाला गेली काही वर्षे पडत आहे. सर्जनचे समाधान झाले असेल, आणि ते योग्यच आहे. त्याने जीव वाचवला. पण ज्याचा जीव वाचला तो भाकरी चावू शकतो का, टपालाची थैली खांद्यावर घेऊ शकतो का, वॉकी-टॉकीवर बोललेले पलीकडच्याला समजते का, रात्री झोप लागते का, याची एका ओळीचीही नोंद त्या कार्डावर नसते. नसते, कारण कोणी विचारलेलेच नसते. आणि ज्याची नोंद नाही त्याबद्दल प्रशासनाकडे मागणीही करता येत नाही, हा अनुभव कामगार चळवळीला नवा नाही.

आमचे म्हणणे असे की कॅन्सरच्या शस्त्रक्रियेचा निकाल रुग्ण किती जगला यावर जसा मोजतात तसा तो कसा जगतो यावरही मोजला पाहिजे. हे मोजमाप खुद्द रुग्णाला विचारून, त्याच्या भाषेत, ठरलेल्या मुदतीने झाले पाहिजे. आणि ही मागणी केवळ डॉक्टरांच्या परिषदांत न राहता रेल्वे व टपाल कामगारांच्या संघटनांनी आपली मानली पाहिजे.

हे आम्ही लखनौहून लिहीत आहोत. रेल्वेच्या नोकरीने, आरडीएसओच्या कामाने, टपाल खात्यातल्या बदलीने या शहरात आलेली मराठी माणसे थोडी नाहीत. (पंडित भातखंड्यांनी १९२६ साली येथे संगीत विद्यालय काढले, तेव्हापासून लखनौकरांना मराठी आडनावे उच्चारता येतात, एवढा फायदा आम्हाला मिळाला.) उत्तर रेल्वे आणि पूर्वोत्तर रेल्वे अशा दोन्ही रेल्वेंची विभागीय कार्यालये या एकाच शहरात आहेत, चारबाग-आलमबागची कारखान्यांची वस्ती वेगळीच. शिवाय लखनौ हे अर्ध्या उत्तर प्रदेशाचे इस्पितळ आहे. १९११ साली सुरू झालेले किंग जॉर्ज मेडिकल कॉलेज, जे २००२ साली विद्यापीठ झाले, रायबरेली रस्त्यावरची संजय गांधी संस्था, गोमतीनगरची लोहिया संस्था आणि आता चक गंजरियाची कॅन्सर संस्था. गोंडा, बहराइच, बस्ती, सीतापूर येथून माणसे पहाटेच्या गाड्यांनी येतात. प्लॅटफॉर्मवर एक्स-रेची पिशवी छातीशी धरून बसलेला माणूस कोठे चालला आहे हे तिकीट तपासनिसालाही विचारावे लागत नाही.

आता रुग्णालये निकाल कसा मोजतात ते पाहू. पहिला हिशेब असतो ऑपरेशननंतरच्या ३० दिवसांचा. रुग्ण दगावला का, जखम चिघळली का, पुन्हा टेबलावर घ्यावे लागले का. दुसरा हिशेब पाच वर्षांचा असतो, जिवंत आहे की नाही आणि रोग परतला की नाही. दोन्ही हिशेब आवश्यक आहेत, त्यांची हेटाळणी करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. पण हे दोन हिशेबही जेथे नीट ठेवले जातात अशी रुग्णालये कमी आहेत, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

समजा १०० जणांचे ऑपरेशन झाले. दोन वर्षांनी त्यांतले ६० तपासणीला आले आणि त्यांपैकी ४५ ठणठणीत निघाले. रुग्णालय म्हणेल, आमचा निकाल ७५ टक्के. पण जे ४० आलेच नाहीत त्यांचे काय? ते सगळे बरे होऊन शेतात राबत आहेत, की सगळे गेले? सगळे गेले असे धरले तर तोच निकाल ४५ टक्क्यांवर येतो. खरा आकडा या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहे आणि तो शोधण्याचा मार्ग एकच, न आलेल्या माणसाच्या दारापर्यंत जाणे.

येथे टपाल कामगारांनी थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही. भारतात कॅन्सरची पहिली लोकसंख्यानिहाय नोंदणी मुंबईत १९६३ साली सुरू झाली. त्यानंतर देशात ज्या नोंदण्या उभ्या राहिल्या त्यांनी रुग्णाचा पाठपुरावा करण्यासाठी टपालाने चौकशी आणि प्रत्यक्ष घरभेट या दोन साधनांवर भिस्त ठेवली. 'आपली तब्येत कशी आहे' एवढेच विचारणारे पत्र पोस्टमनने वाड्यावस्त्यांवर नेले आणि त्याचे उत्तर परत आणले. 'अमुक इसम मयत' असा पाकिटावरचा शेरा ही देखील विज्ञानाच्या दृष्टीने मोलाची नोंद ठरते. ग्रामीण भागातली देशातली पहिली नोंदणी १९८७ साली आपल्या सोलापूर जिल्ह्यात, बार्शीला सुरू झाली. रेल्वेवाल्यांना बार्शी लाइट रेल्वेमुळे हे गाव ठाऊक आहे. वैद्यकीय जगाला ते या कामामुळे ठाऊक आहे. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या खेड्यांत नोंदणीचे कार्यकर्ते फिरत, लोकांत बसून बोलत, संशय वाटला त्याला रुग्णालयात आणत आणि नंतरही त्याची खबर ठेवत. साधनसामग्री बेताची होती, तरी काम झाले. तेव्हा 'आपल्याकडे हे शक्य नाही' हे वाक्य आम्ही ऐकून घेणार नाही.

मोजमाप हा कारकुनी छंद आहे असे कोणाला वाटत असेल तर त्याने स्तनाच्या कॅन्सरचा इतिहास पाहावा. अमेरिकेतले सर्जन हॉल्स्टेड यांनी १८९०च्या दशकात जे ऑपरेशन रूढ केले त्यात स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी असे सर्वच काढून टाकत. जितके जास्त कापावे तितका रोग मुळापासून जातो, हा त्यामागचा विश्वास. पुढची सत्तर-ऐंशी वर्षे लाखो बायकांनी खोलगट छाती आणि सुजलेला हात घेऊन आयुष्य काढले. मग इटलीत व्हेरोनेसी आणि अमेरिकेत फिशर यांनी १९७०च्या दशकात रीतसर तुलना सुरू केली, एका गटात संपूर्ण स्तन काढायचा आणि दुसऱ्यात फक्त गाठ व आजूबाजूचा भाग काढून रेडिएशन द्यायचे. दोघांचेही २० वर्षांचे निकाल २००२ साली प्रसिद्ध झाले. लवकर सापडलेल्या रोगात दोन्ही गटांतल्या बायका सारख्याच जगल्या. म्हणजे एवढी वर्षे जे जास्तीचे कापले गेले त्याने आयुष्य वाढले नव्हते. कोणी मोजलेच नसते तर ते आजही चालू राहिले असते.

उलट उदाहरणही सांगितले पाहिजे, नाहीतर आम्ही सर्जनच्या सुरीविरुद्ध आहोत असा गैरसमज होईल. तोंडाच्या कॅन्सरमध्ये रोग लवकर सापडला असेल आणि मानेत गाठी लागत नसतील, तर मानेचे ऑपरेशन आधीच करावे की गाठ दिसल्यावर, हा वाद बरीच वर्षे चालला होता. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने रुग्णांचे दोन गट करून याचा निकाल लावला. २०१५ साली तो प्रसिद्ध झाला. मान आधीच साफ केलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी जिवंत होते, वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. परळच्या रुग्णालयात सिद्ध झालेली ही गोष्ट आज जगभर मानली जाते. येथे जास्त कापण्याने जीव वाचतात हे मोजूनच कळले.

परंतु याचाच अर्थ असा की तोंडाच्या कॅन्सरच्या कितीतरी अधिक रुग्णांची मान आता उघडली जाणार. आणि मानेतून खांद्याकडे जाणारी एक नस असते. जुन्या पद्धतीत ती सरळ कापून टाकत. आता शक्यतो वाचवतात. वाचवली तरी ती ओढली जाते, दुखावते, आणि हात खांद्याच्या वर जाईनासा होतो. कचेरीत बसणाऱ्याचे यावर निभावून जाते. पण रुळावर घण चालवणारा ट्रॅकमन, डब्याखाली पाठीवर निजून वर हात करणारा फिटर, आरएमएसमध्ये वरच्या खणात पत्रे टाकणारा सॉर्टर यांचे काय? आमच्याबरोबर काम केलेल्या एका फिटरचे असेच झाले. रुग्णालयाचे नाव घेण्याचे कारण नाही. जबडा आणि मान यांचे ऑपरेशन उत्तम झाले, रोग गेला, माणूस चार महिन्यांनी कामावर आला. डावा हात वर जात नव्हता. सुपरवायझरला वाटले, कामचुकारपणा आहे. खुद्द त्या फिटरला वाटले, अशक्तपणा आहे, दूध-अंडी खाल्ली की भरून निघेल. नस, व्यायाम, फिजिओथेरपी हे शब्द त्याच्या कानावर पडायला आणखी पाच महिने गेले, आणि तेही शेजारच्या रुग्णाकडून. खांद्याचा व्यायाम जितका लवकर सुरू होईल तितका उपयोग अधिक. तिसऱ्या महिन्यात 'हात किती वर जातो' एवढे जरी कोणी विचारले असते तरी त्याचे ते दिवस वाचले असते.

तोंडाचेही तसेच. ऑपरेशन आणि रेडिएशननंतर जबडा आवळत जातो. साधारण माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावतात. पुढच्या दातांतले अंतर ३५ मिलिमीटरच्या आत आले की डॉक्टर त्याला विकार मानतात. गुटखा-सुपारीने आधीच ज्यांचे तोंड आखडलेले असते त्यांचे तर विचारू नका. (महाराष्ट्राने २०१२ साली आणि उत्तर प्रदेशने २०१३ साली गुटख्यावर बंदी घातली. स्टेशनबाहेरच्या टपऱ्यांना ही बातमी अजून पोचलेली दिसत नाही.) यावर एक अगदी स्वस्त उपाय आहे. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या आणि दर काही दिवसांनी एकेक काडी वाढवायची. चार-दोन रुपयांच्या काड्या आणि रोजचा व्यायाम. पण काड्या किती झाल्या हे विचारणारे कोणी नसेल तर महिन्याभरात तो गठ्ठा कोनाड्यात जातो.

आवाजाची गोष्ट याहून कठीण. स्वरयंत्र काढलेला माणूस मानेला केलेल्या छिद्रातून श्वास घेतो. स्टेशनमास्तर, गार्ड, कंट्रोलर यांची अर्धी नोकरी आवाजावर चालते. कृत्रिम झडप बसवून पुष्कळांना पुन्हा बोलता येते. पण ती झडप साफ ठेवावी लागते, मुदतीने बदलावी लागते आणि तिचा खर्च कोण करणार हा प्रश्न उरतोच. दुसरी गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. नाक हे धुळीची चाळणी असते, आणि या माणसाचा श्वास नाकातून जातच नाही. खडी पडते तेथे, किंवा टपालाच्या थैल्या झाडल्या जातात तेथे त्याला उभा केला तर सगळी धूळ थेट फुप्फुसात.

आणि ज्या विषयावर आपल्यात कोणी मोठ्याने बोलत नाही तोही काढला पाहिजे. गुदाशयाच्या कॅन्सरनंतर काहींना पोटावर पिशवी लावून राहावे लागते. मुंबईच्या ऑस्टोमी असोसिएशनसारख्या संस्था अशांना शिकवतात, धीर देतात. पिशवी लावून माणसे नोकरी करतात, प्रवास करतात, लग्नकार्यात मिरवतात. पण ज्या इंजिनात शौचालयच नाही, आणि सगळ्या इंजिनांत ते आजही नाही, तेथे लोको पायलटने पिशवी कोठे बदलायची? हा प्रश्न सर्जनला सुचणार नाही. तो आपल्यालाच सुचला पाहिजे.

असे प्रश्न विचारण्याची शास्त्रीय पद्धत उपलब्ध आहे काय? आहे, आणि ती आजची नाही. १९४०च्या दशकात कार्नॉफ्स्की यांनी १०० ते ० अशी एक मोजपट्टी दिली. ७० म्हणजे स्वतःचे स्वतः करतो पण नेहमीचे काम करू शकत नाही. उपयोगी पट्टी आहे, पण गुण डॉक्टर देतो. पुढे अनुभवाने असे दिसले की रुग्णाचा त्रास डॉक्टर आणि नातेवाईक पुष्कळदा कमी धरतात. म्हणून रुग्णालाच विचारण्याच्या प्रश्नावल्या आल्या. युरोपातल्या कॅन्सर संशोधन संघटनेने १९९३ साली ३० प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. जड पिशवी उचलताना त्रास होतो का, कामात अडथळा येतो का, झोप, भूक, वेदना, चिडचिड, काळजी, घरातले आणि चारचौघांतले वागणे, आणि आजारपणामुळे पैशाची ओढाताण झाली का, हेही. बहुतेक प्रश्नांना 'अजिबात नाही' पासून 'खूप' पर्यंत चार उत्तरे असतात, आणि ती गेल्या आठवड्याबद्दल द्यायची असतात. तोंड-गळ्याच्या कॅन्सरसाठी ३५ प्रश्नांची वेगळी जोड आहे. घरच्यांसमोर जेवायला अवघड वाटते का, असा एक प्रश्न तीत आहे. पंगतीतून उठून आत स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून जेवणारे आमचे दोन सहकारी आम्हाला माहीत आहेत. त्यांना हा प्रश्न कोणीही विचारलेला नाही.

या प्रश्नावल्यांची हिंदी आणि मराठी भाषांतरे टाटा रुग्णालयात आपल्याच रुग्णांवर तपासून पाहिली गेली आणि तसे निबंध २००५ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे साधन मराठीत तयार आहे, वीस वर्षांपासून. तरीही ते बहुतांशी संशोधनापुरतेच राहिले. एखाद्या डॉक्टरचा प्रबंध चालू असेल तर फॉर्म भरून घेतात, प्रबंध संपला की फॉर्म संपले. प्रश्न युरोपात जन्मले असल्याने काही आपले उरतातच. मांडी घालून जमिनीवर बसता येते का? उकिडवे बसता येते का? गर्दीच्या लोकलमध्ये वरची कडी धरून उभे राहता येते का? भाकरी की नुसता मऊ भात? भाषेचाही प्रश्न आहे. लखनौच्या रुग्णालयात छापील हिंदी फॉर्म मिळाला तरी अवधी बोलणाऱ्या गँगमनच्या आईला तो जड जातो, आणि वऱ्हाडातून आलेल्या आमच्या एखाद्या वहिनींना तर मुलगा जे सांगेल तेच लिहावे लागते. आईला मुलादेखत काय काय सांगता येते, हे वाचकांना सांगायला नको.

मात्र सर्व रोगांत मोजपट्टी एकच नसावी. गंगेच्या या सपाट प्रदेशात पित्ताशयाचा कॅन्सर फार आढळतो आणि पुष्कळदा उशिरा सापडतो. तेथे मोठे ऑपरेशन झेपण्यासारखे नसेल तर कावीळ उतरवणारी नळी घालतात. त्याने रोग जात नाही. पण अंगाची खाज थांबते, झोप लागते, दोन घास जातात. पाच वर्षांच्या हिशेबात ही गोष्ट शून्य धरली जाईल. ज्याला रात्रभर खाजवून रक्त येत होते त्याच्या हिशेबात ती शून्य नाही. आणि जमीन विकून केलेल्या ऑपरेशनने महिना-दोन महिने तेही अंथरुणातच मिळणार असतील तर तसे आधी सांगितले पाहिजे. सांगण्यासाठी आधीच्या रुग्णांचे काय झाले हे ठाऊक हवे.

आता या मागणीतला धोका. तो आम्ही लपवणार नाही, कारण सभेत हाच प्रश्न प्रथम येतो: "हात वर जात नाही असे आम्ही फॉर्ममध्ये लिहिले, आणि तोच फॉर्म मेडिकल बोर्डापुढे गेला तर?" ही भीती पोकळ नाही. रेल्वेत ए-वनपासून सी-टूपर्यंत वैद्यकीय श्रेणी आहेत; त्यांत नजर बारकाईने मोजली जाते. श्रेणी उतरली की पद बदलते, आणि रनिंग स्टाफचा मायलेज जाऊन घरचे अंदाजपत्रक कोसळते. म्हणून माणसे खोटे सांगतात. त्रास आहे तरी 'अजिबात नाही' वर खूण करतात. ज्याला नोकरीची धास्ती आहे त्याच्याकडून खरे मोजमाप कधीच मिळणार नाही, हे डॉक्टरांनीही ध्यानात घ्यावे. तेव्हा पहिली अट अशी की हा फॉर्म रुग्ण आणि त्याचा उपचार करणारा डॉक्टर यांच्यातच राहील. सेवापुस्तकात, पर्सनल ब्रँचमध्ये किंवा मेडिकल बोर्डाच्या फायलीत रुग्णाच्या लेखी संमतीवाचून जाणार नाही.

दुसरी गोष्ट, कायदा आपल्या बाजूला आहे आणि तो सभासदांना माहीत नाही. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या ४७व्या कलमाने नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढून टाकण्यास वा त्याचा दर्जा कमी करण्यास मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली हे कलम बंधनकारक असल्याचे स्पष्ट केले. त्याजागी आलेल्या २०१६च्या कायद्यात २०व्या कलमाचे ४थे उपकलम तेच सांगते: आहे ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत व त्याच लाभांसह दुसरे पद द्या, तसे पद नसेल तर जादा पद निर्माण करा. याच कायद्याच्या परिशिष्टात वाचा-दोषाची व्याख्या करताना स्वरयंत्र काढल्याने आलेल्या कायमच्या दोषाचा नावानिशी उल्लेख आहे. पण खांदा, जबडा, सुजलेला हात किंवा पोटावरची पिशवी यांना असे सरळ नाव नाही. तेथे माणसाला काय जमते आणि काय जमत नाही याचा पुरावा मांडावा लागतो. तो पुरावा ऐनवेळी एका दिवसात उभा करता येत नाही. तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्याच्या नोंदी असतील तर कामगार त्या आपल्या मर्जीने बोर्डापुढे ठेवू शकतो. फॉर्म कामगाराच्या हातात असला तर ढाल आहे, साहेबाच्या हातात असला तर काठी.

'ओपीडीत दोनशे रुग्ण, आम्ही फॉर्म कधी भरून घ्यायचे?' असे डॉक्टर विचारतील. वेळ डॉक्टरचा लागतच नाही. रुग्ण रांगेत तीन-तीन तास बसलेला असतो. फॉर्म त्या वेळेत भरतो, आणि डॉक्टरने फक्त ज्या उत्तरावर 'खूप' अशी खूण आहे तेवढे पाहायचे. न्यूयॉर्कमध्ये ७६६ रुग्णांवर असा प्रयोग झाला. हे रुग्ण ऑपरेशनचे नव्हते, पसरलेल्या कॅन्सरवर औषधे घेणारे होते. एका गटाने आपला त्रास नियमित कळवायचा, तो वाढला की नर्सला लगेच सूचना. दुसरा गट नेहमीप्रमाणे. २०१७ साली निकाल आला. विचारपूस झालेल्या गटाचे मध्यम आयुर्मान ३१.२ महिने, दुसऱ्याचे २६. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. वेळेवर विचारले आणि वेळेवर दखल घेतली, एवढेच.

खरा विरोध वेगळ्याच कारणाने होईल. बोस्टनचे सर्जन कॉडमन यांनी शंभर वर्षांपूर्वी प्रत्येक रुग्णासाठी एक कार्ड ठेवून वर्षभराने त्याचे काय झाले हे तपासायचा आग्रह धरला. स्वतःच्या छोट्या इस्पितळातून १९११ ते १९१६ या काळात घरी गेलेल्या ३३७ रुग्णांचा हिशेब त्यांनी छापला, आणि त्यात १२३ चुका झाल्याचेही छापले. त्यांची ही पद्धत तेव्हाच्या वैद्यकीय वर्तुळाला रुचली नाही आणि ते एकटे पडले. निकाल उघड्यावर आला की लाज वाटते, हे एक. दुसरे असे की नुसते आकडे छापायला लावले तर रुग्णालये अवघड रुग्ण नाकारून सोपे तेवढे घेतील, आणि अवघड रुग्ण हा बहुधा उशिरा आलेला गरीब रुग्ण असतो. म्हणून रुग्णालयांचे क्रमांक लावून जाहिराती करायला हे आकडे वापरू नयेत. तोंडाचा रोग कोणत्या पायरीवर आला होता हे नोंदवल्याशिवाय तुलना करूच नये.

आता प्रत्यक्ष काय मागायचे. रेल्वे आपल्या रुग्णांना बाहेरच्या रुग्णालयांत पाठवते आणि बिल भरते. टपाल खात्यात सीजीएचएस किंवा १९४४च्या वैद्यकीय परिचर्या नियमांखाली खर्च दिला जातो. जो पैसे देतो त्याला अट घालता येते. करारातच असे कलम हवे की कॅन्सरच्या शस्त्रक्रियेनंतर तीन, सहा आणि बारा महिन्यांनी व पुढे पाच वर्षे दरवर्षी ही विचारपूस होईल, आणि डिस्चार्ज कार्डावर बोलणे, गिळणे, तोंड उघडणे, खांदा आणि हात यांची नोंद असेल. वाराणसीचे रेल्वेचे कॅन्सर रुग्णालय २०१८ साली टाटा स्मारक केंद्राकडे गेले आणि तेथे होमी भाभा कॅन्सर रुग्णालय उभे राहिले. ते हस्तांतर योग्य होते की नाही यावर आमच्यातही दोन मते आहेत. पण आरंभ करायला याहून बरी जागा नाही: साधन टाटाचे, रुग्ण पुष्कळसे आपले. विभागीय रेल्वे रुग्णालयांत फिजिओथेरपिस्ट आणि वाचोपचार-तज्ज्ञाच्या जागा भरल्याशिवाय मात्र नुसते विचारून उपयोग नाही. तपासणीसाठी जाण्याचा प्रवास सवलतीत होतो, कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-एसीत पूर्ण माफी आहे. अडते ते रजेवर आणि राहण्याच्या जागेवर. लखनौहून पुष्पकने मुंबईला चौदाशे किलोमीटर जाऊन गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळेल की नाही या काळजीत असलेला माणूस तिसरी तपासणी चुकवतो. तपासणीच्या दिवसांची रजा वेगळी धरली जावी, हा विषय पीएनएममध्ये आलाच पाहिजे. ग्रामीण डाक सेवकाला तर यांतले जवळजवळ काहीच लागू नाही. त्याला नियमित कर्मचाऱ्यासारखी वैद्यकीय मदत मिळावी ही जुनी मागणी या विषयाच्या निमित्ताने पुन्हा पुढे रेटली पाहिजे.

प्रशासन हलेपर्यंत शाखांना थांबण्याची गरज नाही. आपल्या शाखेत ऑपरेशन होऊन आलेले सभासद किती आणि कोठे आहेत, निवृत्त झालेले किती, मयत सभासदांच्या विधवा किती, याची वही प्रत्येक शाखेने करावी. दर तीन महिन्यांनी एकाने भेटीला जावे. तोंडात किती बोटे मावतात, हात कोठवर जातो, घरच्यांबरोबर जेवता का, झोप लागते का, कर्ज किती झाले, एवढे पाच प्रश्न पुरेत. उत्तरांचा कागद त्याच्याच घरी ठेवावा, त्याच्या पुढच्या तपासणीला डॉक्टरपुढे ठेवण्यासाठी. भेटीला जाणारा शक्यतो त्याच्या सेक्शनमधला नसावा, आणि स्त्री रुग्णाकडे स्त्री कार्यकर्तीनेच जावे.